अर्ध्या परीच्या माहेरी

गेली बरीच वर्षं मी पुस्तकांची मुखपृष्ठं काढते आणि माझ्या वाट्याला पंखच फार आले आहेत. परी, गंधर्व, देवदूत, ढगांतून पडलेली पोरं, असं काही उडणारं कथेत आलं की प्रकाशकांना माझी आठवण होते. पण खरं सांगायचं तर पूर्ण देवदूत काढायला सोपा आणि बघायला कंटाळवाणा असतो. त्याला थंडी वाजत नाही, त्याची दाढ दुखत नाही, तो कुणाच्या लग्नाला उशिरा पोचत नाही. माझा जीव जडलाय तो अर्ध्यांवर. अर्धं माणूस, अर्धा देवदूत. त्याला उडता येतं पण भूकही लागते. पाठीतून पंख फुटलेली मुलगी पोलकं कसं घालत असेल, कुशीवर झोपत असेल की पालथी, याचा मी तासन्‌तास विचार करते. नवरा म्हणतो, एवढा विचार गॅसचा नंबर लावण्याचा केला असतास तर परवा स्टोव्ह शोधायची वेळ आली नसती.

अशीच एक मुलगी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. तिचं नाव पैना. नांदेडच्या सुनीता नावाच्या लेखिकेच्या पहिल्याच कादंबरीची ही नायिका. पैनाची आई आसरा, म्हणजे पाण्याकाठची देवता, आभाळातून धबधब्यावर न्हायला उतरलेली. बाप साधा शेतकरी. आई परत निघते तेव्हा आपल्या दोन पंखांतला एक लेकीला देऊन जाते. त्या एका पंखानं पैना कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत उडते, त्यापुढे नाही. मी ती कादंबरी एका बैठकीत वाचली, रडले, आणि गॅसवरचं वरण करपलं.

अडचण पुढेच होती. मूळ गोष्ट सुनीताला तिच्या आईनं, केवळबाईंनी सांगितलेली. त्या लातूरकडे, चाकूरजवळच्या एका गावात राहतात. सुनीतानं त्यांना सगळी कादंबरी वाचून दाखवली, त्यांना आवडलीही, पण त्यांनी एक अट घातली. मुखपृष्ठावरची पैना त्या आधी बघणार आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय पुस्तक छापायचं नाही. मी फोनवर एकामागून एक तीन चित्रं पाठवली. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं, "ही आपली न्हाई." काय चुकलं ते त्या सांगेनात, कारण ते त्यांनाही नेमकं सांगता येत नव्हतं. प्रकाशक कंटाळले. आईला कशाला विचारायचं, असं म्हणाले, तर सुनीतानं हस्तलिखित परत मागितलं. शेवटी दिवाळीच्या आत मुखपृष्ठ ठरलं नाही तर पुस्तक रद्द, इथपर्यंत गोष्ट आली. मी चौथं चित्र गुंडाळून नळीत घातलं आणि पुण्याहून जन्मात पहिल्यांदा मराठवाड्यात निघाले.

नांदेड

सुनीता मला घ्यायला स्कूटीवर आली होती. चाळिशीची, बोलायला मोकळी, एका सरकारी कचेरीत नोकरी. सकाळी दोन तास लिहायचं, मग डबा, मग कचेरी, असा तिचा दिवस. तिनं आधी मला सुशीला खायला नेलं. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, भरपूर शेंगदाण्याची आणि मिरचीची ही न्याहारी. मी मूळची चिपळूणची. आमच्याकडे कशावरही ओलं खोबरं पेरल्याशिवाय ते झालं असं वाटत नाही. इथे ती जागा शेंगदाण्यानं घेतलीय आणि अगदी हक्कानं घेतलीय. दुसरी बशी मी मागितली नाही, ती आपोआप आली.

दुपारी तिनं मला एका कॉलेजात नेलं. तिथल्या काही मुलींनी कादंबरीची प्रकरणं फोनवर आधीच वाचली होती. मला वाटलं होतं, लाजऱ्या मुली, दोन प्रश्न विचारतील आणि फोटो काढतील. प्रत्यक्षात त्यांनी मला बोलूच दिलं नाही. पैनानं शेवटी कुठं राहायला हवं होतं यावर त्यांच्यात चक्क भांडण जुंपलं. एकीचं म्हणणं, आभाळात जायची संधी कोण सोडतं. दुसरी म्हणाली, तिथं भाकर कोण देईल. निलोफर नावाची मुलगी मात्र शांत बसून होती. मी तिला विचारलं, या अर्ध्या माणसांच्या गोष्टी तुला का आवडतात.

"पूर्ण परी असती तर आम्ही नुसतं बघत बसलो असतो, मॅडम," ती म्हणाली. "अर्धी हाय म्हणून तिच्याशी बोलावं वाटतं."

तिच्या शेजारची मुलगी मुखेडकडच्या खेड्यातली, घरातून शिकायला बाहेर पडलेली पहिलीच. ती म्हणाली, "सुट्टीत घरी गेलं की आई म्हणती, तू आता कॉलेजवाली झालीस. हॉस्टेलवर सगळ्या म्हणतात, तू खेड्यातली. मी कुठली हाय ते मलाच कळंना. पैनाचं वाचलं तवा बरं वाटलं."

मला त्या दोघींचं फार कौतुक वाटलं. देवदूतांच्या कथांवर मी मोठमोठे लेख वाचलेत. पण हे असं सरळ, डाळिंबाचा दाणा काढून हातावर ठेवावा तसं, कुणी सांगितलं नव्हतं. अर्धा देवदूत आपल्याला हवासा वाटतो तो त्याच्या पंखांमुळे नाही. दोन्हीकडे थोडा परका असूनही तो जगतो, आणि वर उडतोही, म्हणून वाटतो.

संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर बसलो होतो. सुनीता म्हणाली की पुस्तक रद्द झालं तर तिला वाईट वाटेल, पण आई नाही म्हणत असताना ते छापलं तर ती पुन्हा काही लिहू शकणार नाही. ती गोष्ट ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. "माय हट्टी न्हाई हो ताई," ती म्हणाली. "तिला कायतरी खुपतंय. काय ते मला कळून न्हाई राहिलं."

इस्लापूर

केवळबाईंचं माहेर किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या बाजूला. सहस्रकुंडाचा धबधबा तिथून जवळ आणि पैनाची गोष्ट तिथलीच. चाकूरला जाण्याआधी ही जागा बघाच, असा सुनीताचा आग्रह होता.

धबधब्याचं वर्णन मी करणार नाही, कारण माझं सगळं लक्ष पायाखाली होतं. पैनगंगा काळ्या दगडांतून अशी काही फुटून खाली येते की आवाजानं छातीत धडधड होते. आमच्या कोकणातले धबधबे उंच, सडसडीत. हा रुंद आणि ताकदीचा. मी तोंड वर करून "अहाहा" म्हणाले आणि त्याच क्षणी पाय घसरला. मी बसले दगडावर, पण माझी एक चप्पल पाण्यात गेली आणि बघता बघता दिसेनाशी झाली.

काठावर भजी तळणारी एक बाई हे सगळं बघत होती. तिनं झाराही खाली ठेवला नाही.

"आसरांनी ठिवून घेतली," ती म्हणाली. "आता दुसरीबी देऊन टाका. एक ठिवून त्या काय करतील?"

मला हसू आवरेना. दुसरी चप्पल मी तिच्या हवाली केली. तिनं ती घासून आपल्या पायात घालून बघितली, पण एकच चप्पल तिलाही निरुपयोगी होती, म्हणून खुंटीला अडकवली. पुढचा सगळा वेळ मी अनवाणी फिरले. नंतर इस्लापूरच्या बाजारातून जांभळ्या प्लास्टिकच्या चपला घेतल्या. त्या अजून आहेत आणि घरात कुणालाही मी त्या फेकू देत नाही.

काठानं थोडं पुढे गेल्यावर सुनीतानं मला आसरा दाखवल्या. मी मूर्ती शोधत होते, तर एका झाडाखाली नुसते सात दगड, शेंदूर फासलेले. पुढे हिरव्या बांगड्या, खण, सुकलेली फुलं. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. इथे यांना कुणी तोंड काढत नाही, सुनीता म्हणाली. मी चमकले. माझ्या चारही चित्रांत पैना समोर बघत होती, मोठाले डोळे करून.

आमच्याकडे पाण्यातलं म्हटलं की गिऱ्हा. पोरांचे पाय ओढणारा. त्याच्या नावानं आजी आम्हाला विहिरीपासून लांब ठेवायची. इथल्या बायाही आसरांना वचकून असतात, पण त्यांना खण देतात, बांगड्या भरतात, माहेरवाशिणीसारखं करतात. भीती आणि लाड एकाच ताटात वाढलेले मी पहिल्यांदाच बघितले आणि मला ते मनापासून आवडलं.

चाकूर

चाकूरच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चालली होती. मळणी यंत्राचा धुरळा हवेत आणि सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. सुनीताचा भाऊ आणि भावजय रानातच होते. घरी केवळबाई एकट्या. बारीक चणीच्या, ताठ कण्याच्या, नेसण नऊवारी, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मला बघितल्याबरोबर त्यांनी पायांकडे बघितलं आणि सुनीताला म्हणाल्या, "पाव्हणीच्या पायात न्हाणीतल्या चपला कामून?" सुनीतानं चपलेची हकिकत सांगितली. तेव्हा पहिल्यांदा त्या हसल्या आणि माझा जीव थोडा भांड्यात पडला.

आधी जेवण. कामाचं बोलायचं नाही, असं त्यांनी हातानंच सांगितलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, त्यावर करडीच्या तेलाची धार, शेंगदाण्याची चटणी. अंबाडीचा आंबटपणा असा की डोळे मिटतात आणि मग पुन्हा घास घ्यावासा वाटतो. मी कोकमाची माणूस, आंबटातलं मला कळतं असा माझा समज होता. भाकर थापताना केवळबाई स्वतःहून बोलल्या. लग्न होऊन त्या इतक्या लांब आल्या कारण त्यांचे मामा इकडे नोकरीला होते, त्यांनी स्थळ आणलं. तिकडचं बोलणं वेगळं, इकडचं वेगळं. इथल्या सासूबाई म्हणत, ही किनवटची. माहेरी गेलं की भावजया म्हणत, लातूरवाली आली.

जेवण झाल्यावर त्यांनी मला बाजेवर बसवलं आणि चहाचा कप शेजारी ठेवला. बाजेवर त्यांची वाकळ अंथरलेली होती, जुन्या लुगड्यांच्या थरांची, हातानं टाके घातलेली. मी नळीतून चित्र काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. एक पंख, रुंद, निळसर पांढरा, पिसान्‌पीस काढलेलं. या चित्रावर मी फार मेहनत घेतली होती. केवळबाईंनी चष्मा लावला. खूप वेळ बघितलं.

"चित्र लई भारी हाय, बाई," त्या म्हणाल्या. "पण ही आपली न्हाई."

सुनीतानं मान खाली घातली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मला दिसलं. मला स्वतःलाच रडू येईल असं वाटलं, म्हणून मी घाईघाईनं चहाचा कप उचलला आणि तो माझ्या हातातून निसटून सगळा वाकळेवर सांडला.

मी ओशाळून उठले, ओढणीनं पुसायला लागले, मावशी मी धुऊन देते म्हणाले. केवळबाई शांतपणे आल्या, वाकळ उचलली आणि झटकून उलटी केली. "सांडू दे. हिनं लई बघितलंय," त्या म्हणाल्या. उलट्या बाजूला मधोमध एक तुकडा होता, बाकीच्यांपेक्षा जुना, विटका हिरवा इरकल, तांबड्या काठाचा. तीन बाजू नीट शिवलेल्या. चौथी कड मात्र तशीच मोकळी, धागे लोंबत असलेली.

हे असं का, मी विचारलं. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या माहेरच्या गावात लेक सासरी निघाली की आई आपलं अंगावरचं एक लुगडं हातानं फाडते. अर्धं लेकीबरोबर जातं, अर्धं आईपाशी राहतं. दोघी ते आपापल्या वाकळेत शिवतात, पण फाडलेली कड शिवत नाहीत. कात्री लावायची नाही. आसरानं तसंच केलं होतं, त्या म्हणाल्या. त्यांच्या गोष्टीत पंख नव्हतेच. आसरा लुगड्यानं उडायची. नवऱ्यानं ते लपवलं म्हणून ती राहिली, आणि सापडलं त्या दिवशी तिनं ते फाडलं.

मी सुनीताकडे बघितलं. तिच्या कादंबरीत लुगड्याचा पंख झाला होता.

"मला वाटलं, आजकालच्या वाचणाऱ्यांना पंख पाहिजेत," सुनीता हळू म्हणाली. "लुगडं म्हटलं तर हसतील."

केवळबाई तिच्यावर रागावल्या नाहीत. "तू चांगलंच लिव्हलंस. ऐकताना मला वाटलं, असंल पंख, काय बिघडलं. पर चित्र बघितलं की आत कायतरी कचकन व्हायचं. आज कळलं." त्यांनी माझ्या चित्रावर बोट ठेवलं. "ह्या पोरीला पंख फुटलाय. तिला कुणी दिलाय असं दिसत न्हाई. आन् देणारीचं काय? तीबी अर्ध्या लुगड्यावरच गेली ना. तीबी कुठं आभाळात पोचली? धबधब्याच्या वर बसून राह्यली लेकीकडं बघत."

इतकी वर्षं मी अर्ध्या देवदूतांवर प्रेम केलं, त्यांच्या अर्धेपणाचा विचार केला. ज्यानं आपलं अर्धं काढून दिलं तोही अर्धाच राहिला असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. कॉलेजातली ती मुखेडची मुलगी आठवली, आणि तिला कॉलेजवाली म्हणणारी तिची आई. लेक शिकायला गेली तेव्हा त्या आईचंही काही फाटलं असेलच.

मी तिथेच जमिनीवर कागद पसरला. पेन्सिलीनं पैना काढली, पाठमोरी, कारण मला ते सात दगड आठवत होते. खांद्यावरून वाऱ्यावर गेलेलं अर्धं लुगडं. कड कागदाच्या डाव्या अंगाला आली आणि तिथे मी धागे लोंबते ठेवले. मग डावीकडे दुसरा कागद जोडला आणि त्यावर तिची आई काढली, तीही पाठमोरी, उरलेलं अर्धं लुगडं उजवीकडे उडणारं. पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ एकाच कागदावर असतं, मधे पाठीची पट्टी. समोर लेक, मागे आई, आणि फाटलेल्या दोन्ही कडा पुस्तकाच्या पाठीवर येऊन भेटतील. हे सगळं मी केवळबाईंना कागद घडी घालून दाखवलं. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, मिटला, उघडला, पुन्हा मिटला.

मग त्या आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात एक लुगडं होतं, जांभळं इरकल, घडीवर ठेवून ठेवून कोपरे पांढरे झालेलं.

"हिच्या लग्नात फाडायला घेतलं होतं," त्या मला म्हणाल्या. "हिनंच हात धरला. म्हणली, चांगलं लुगडं कामून फाडती, माय. मग ठिवून दिलं."

सुनीता उठून उभी राहिली. या वेळी तिनं हात धरला नाही. केवळबाईंनी काठाला दातानं चीर दिली आणि दोन्ही हातांनी लुगडं ओढलं. जुन्या कापडाचा तो आवाज त्या लहान खोलीत फार मोठा वाटला. अर्धं त्यांनी लेकीच्या खांद्यावर टाकलं. सुनीता त्यात तोंड लपवून रडली आणि मीही रडले, लपवायला माझ्याकडे चहा लागलेली ओढणीच होती.

"छापा आता," केवळबाई म्हणाल्या आणि पुन्हा चहा टाकायला आत गेल्या.

पुण्यात परतल्यावर

मुखपृष्ठावरचं लुगडं मी रंगवलं नाही. सुनीताच्या अर्ध्याचा आणि केवळबाईंच्या अर्ध्याचा फोटो काढून आणला होता, तेच कापड, तोच जांभळा रंग, तेच धागे पाठमोऱ्या दोघींच्या खांद्यांवर आहेत. प्रकाशकांनी आधी नाक मुरडलं, पंख नाही म्हणून. मग आपल्याच टेबलावर नमुना प्रत उघडून पालथी घातली, दोन्ही अर्धी जुळलेली बघितली आणि छपाईला हो म्हणाले. निलोफरनं मला लिहिलं की हॉस्टेलवर प्रत कुणाकडे आहे यावरून आता रोज शोधाशोध होते.

परवा सुनीताचा फोन आला. म्हणाली, मायनं तिची प्रत बाजेवर उशाशी ठेवलीय, उघडी आणि पालथी, आणि कुणाला मिटू देत नाही. का म्हणून विचारलं तर म्हणते, मिटलं की दोघी दोन अंगांना होतात. असं ठेवलं की लुगडं साबूत राहतं.

पुस्तक पालथं घालू नये, शिवण सुटते, असं मी जन्मभर पोरांना ओरडत आले आहे. सुनीताला म्हटलं, राहू दे तसंच, आणि शिवण सुटली तर सुटू दे.